पकड वॉरंट: आपल्या नावे निघाले आहे का ते कसे पाहावे आणि न्यायालयातून रद्द कसे करून घ्यावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फौजदारी खटल्याची तारीख चुकली, पत्ता बदलला, वकिलांशी संपर्क तुटला आणि काही महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला की, ‘तुमचे वॉरंट आले आहे’, अशी पुष्कळ लोकांची सुरुवात असते. खालील उत्तरे महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा पातळीवरील फौजदारी न्यायालयांत जे प्रत्यक्ष घडते ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

पकड वॉरंट म्हणजे नेमके काय? ‘बेंच वॉरंट’ ते हेच का?

न्यायालयाने ज्या व्यक्तीला हजर राहण्यास सांगितले होते ती हजर न राहिल्यास तिला धरून आपल्यासमोर आणावे, असा पोलिसांना दिलेला लेखी हुकूम म्हणजे अटक वॉरंट होय. आपल्याकडे बोलीभाषेत त्यालाच पकड वॉरंट म्हणतात. ‘बेंच वॉरंट’ हा शब्द प्रामुख्याने अमेरिकेतला असून भारतीय फौजदारी कायद्यात तो आढळत नाही. मात्र गैरहजेरीमुळे न्यायाधीशाने स्वतः काढलेले वॉरंट, हा त्याचा अर्थ आपल्याकडील अजामीनपात्र वॉरंटाशी बराचसा जुळतो.

गुन्ह्याच्या तपासात पोलीस स्वतःहून करतात ती अटक वेगळी. तिचा येथे विचार केलेला नाही.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र वॉरंटात फरक काय?

जामीनपात्र वॉरंटावर न्यायालयाने रक्कम व जामीनदारांची संख्या लिहिलेली असते. तेवढ्या रकमेचा जामीन देऊन अमुक तारखेला हजर राहण्याचे बंधपत्र करून दिले, की पोलीस आपल्याला सोडतात. अजामीनपात्र वॉरंटावर असा शेरा नसतो, त्यामुळे सोडण्याचा अधिकार पोलिसांना राहत नाही आणि आपल्याला न्यायालयासमोर नेणे त्यांच्यावर बंधनकारक होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘अजामीनपात्र’ हे विशेषण वॉरंटाचे आहे, गुन्ह्याचे नव्हे. धनादेश न वटल्याचा खटला जामीनपात्र गुन्ह्याचाच असतो, तरीही त्यात अजामीनपात्र वॉरंट निघू शकते आणि रोज निघतही असते. म्हणून ‘अजामीनपात्र’ हा शब्द वाचून आता जामीनच मिळणार नाही, असे समजून गाव सोडणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरतो.

मला समन्स मिळालेच नाही. मग थेट वॉरंट कसे निघाले?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९० नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ८७) सामान्यतः समन्स वेळेत बजावले गेल्याचे सिद्ध झाले आणि गैरहजेरीला वाजवी कारण दिसले नाही, तर न्यायालय वॉरंट काढते. व्यक्ती फरारी झाली आहे किंवा समन्स पाळणार नाही असे मानण्यास कारण असेल, तर ते आधीही काढता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका निकालात सांगितले आहे की, खासगी तक्रारीच्या प्रकरणात आधी समन्स, ते टाळले जात असल्याचे दिसल्यास जामीनपात्र वॉरंट आणि तरीही व्यक्ती हेतुपुरस्सर येत नसेल तरच अजामीनपात्र वॉरंट, अशी चढती पायरी असावी.

प्रत्यक्षात समन्स जुन्या पत्त्यावर जाते, तिथे भावकीतला कोणीतरी सही करून ते घेतो आणि आपल्याला सांगायचे विसरतो. अशा वेळी समन्सच्या बजावणी अहवालावर कोणाची सही आहे, हे वकिलांमार्फत पाहून घ्यावे. समन्स आपल्यापर्यंत पोहोचलेच नव्हते हे त्या कागदावरूनच दिसत असेल, तर वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात त्याहून भक्कम कारण सहसा सापडत नाही.

माझ्या नावे वॉरंट आहे का, हे घरबसल्या कसे पाहता येईल?

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या मोबाइल अॅपवर हे मोफत पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा व अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाताशी असेल तर काम मिनिटभराचे आहे. नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव व वर्ष, प्रकरण क्रमांक, वकिलांचे नाव किंवा पोलीस ठाणे व गुन्हा नोंदणी क्रमांक यांपैकी कशावरूनही शोध घेता येतो.

नावावरून शोधताना अडचण येते ती रोमन लिपीतील स्पेलिंगची. ‘चौधरी’ किंवा ‘गायकवाड’ ही आडनावे न्यायालयाच्या नोंदीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली असू शकतात, म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली काही अक्षरेच टाकावीत आणि एक-दोन वर्षे मागे-पुढे करून पाहावे. प्रकरणाच्या प्रकारापुढे ‘आर.सी.सी.’ असेल तर तो नियमित फौजदारी खटला आणि ‘एस.सी.सी.’ असेल तर समरी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला होय. धनादेशाची प्रकरणे बहुधा दुसऱ्या प्रकारात सापडतात.

प्रकरण उघडल्यावर ‘टप्पा’ या रकान्याकडे पाहावे. तिथे ‘एनबीडब्ल्यू’ (अजामीनपात्र वॉरंट), ‘बीडब्ल्यू’ (जामीनपात्र वॉरंट) किंवा ‘अवेटिंग वॉरंट’ अशा धर्तीचा शेरा असेल, तर वॉरंट निघालेले आहे किंवा निघण्याच्या बेतात आहे असे समजावे. तेवढ्यावर न थांबता खाली तारखांचा इतिहास असतो, त्यातील एकेक तारीख उघडून त्या दिवशीचे कामकाज वाचावे. ‘आरोपी गैरहजर. पुकारा केला. अजामीनपात्र वॉरंट काढावे’ अशा अर्थाची एखादी ओळ तिथे दिसली, की वॉरंट कोणत्या दिवशी निघाले ते कळते आणि अर्जात नेमकी तीच तारीख लिहावी लागते.

संकेतस्थळावरील नोंद काही वेळा मागे पडलेली असते. खात्री हवी असेल तर मूळ कागदपत्रांतील रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) वकिलांकडून पाहून घ्यावा. न्यायालयातील रोजनाम्यात जे लिहिले आहे तेच खरे.

पोलीस ठाण्यात जाऊन विचारले तर तिथेच अटक होईल का?

अजामीनपात्र वॉरंट ठाण्यात पोहोचलेले असेल, तर होऊ शकते आणि त्यात पोलिसांची काही चूक नाही, कारण तो त्यांना मिळालेला हुकूम आहे. म्हणून चौकशीची सुरुवात न्यायालयाकडून करावी, ठाण्याकडून नव्हे. बहुतेक ठाण्यांत समन्स-वॉरंटाचे काम एका ठरावीक अंमलदाराकडे असते आणि न्यायालयातही त्या ठाण्याचे पैरवी कर्मचारी, म्हणजे ठाण्याची न्यायालयीन कामे पाहणारे पोलीस, असतात. वॉरंट बजावणीसाठी ठाण्यात गेले आहे की अजून न्यायालयाच्या टेबलावरच आहे, याची विचारणा वकील त्यांच्याकडे करू शकतात.

वॉरंट जुने झाले की आपोआप संपते का?

नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२(२) नुसार (जुने कलम ७०(२)) ते ज्या न्यायालयाने काढले ते न्यायालय रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत अमलात राहते. दहा वर्षांपूर्वीच्या खटल्याची फाइल ‘डॉर्मंट’ म्हणजे सुप्त ठेवलेली असली, तरी तो खटला निकाली निघाला असा त्याचा अर्थ होत नाही. आरोपी सापडला की तीच फाइल पुन्हा वर येते.

वॉरंट रद्द कसे करून घ्यायचे?

ज्या न्यायालयाने वॉरंट काढले त्याच न्यायालयात स्वतः हजर राहून अर्ज करावा. कायद्याच्या शब्दांत ‘आरोपी समोर असलाच पाहिजे’ अशी अट नाही, परंतु व्यवहारात बहुतेक न्यायाधीश आरोपी उभा असल्याशिवाय अर्ज विचारात घेत नाहीत आणि ते स्वाभाविकही आहे, कारण वॉरंटाचा हेतूच त्याला हजर करणे हा असतो. पुढच्या तारखेची वाट पाहण्याची गरज नसते. मधल्या कोणत्याही कामकाजाच्या दिवशी प्रकरण बोर्डावर (त्या दिवशीच्या कामकाजात) घेण्याचा अर्ज आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज असे दोन्ही एकदम देता येतात.

अर्ज लांबलचक नसावा. ‘अर्जदार आरोपीचा अर्ज असा की, सदर प्रकरणी दि. अमुक रोजी अर्जदार गैरहजर राहिल्याने त्याचेविरुद्ध अजामीनपात्र वॉरंटचा आदेश झाला आहे. अर्जदार त्या दिवशी रुग्णालयात दाखल होता, डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हती. अर्जदार आज स्वतःहून हजर आहे व यापुढे प्रत्येक तारखेस हजर राहण्याची हमी देतो. तरी वॉरंट रद्द व्हावे ही विनंती’, एवढा मजकूर पुरतो. खटला १ जुलै २०२४ पूर्वीपासून, म्हणजे नवी संहिता लागू होण्याआधीपासून, प्रलंबित असेल तर तो सामान्यतः जुन्या संहितेखालीच चालतो, त्यामुळे अर्जाच्या मथळ्यात कलम ७०(२) लिहिले जाते; त्यानंतरच्या प्रकरणांत कलम ७२(२) लिहावे.

कारण खरे लिहावे. प्रत्येक अर्जात ‘ताप आला होता’ असे वाचून न्यायाधीशांचे कान किटलेले असतात. त्यापेक्षा ‘तारीख लिहून घेताना चूक झाली’ ही साधी कबुली अनेकदा अधिक पटते. जोडायला कागद असेल तर त्यावरील तारीख गैरहजेरीच्या तारखेशी जुळते आहे का, ते दोनदा तपासावे. सोबत ओळखपत्र, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि शक्य असल्यास जामीनदार घेऊन जावे.

न्यायालय साधारणपणे साडेदहा-अकराच्या सुमारास बसते. त्याआधी पोहोचून अर्ज शिरस्तेदार किंवा बेंच क्लार्ककडे द्यावा. सरकारी खटला असेल तर अर्ज सरकारी वकिलांकडे जातो आणि खासगी तक्रार असेल तर फिर्यादीच्या वकिलांकडे; त्यांनी आपले म्हणणे त्यावर लिहिले की अर्ज न्यायाधीशांसमोर जातो. नाव पुकारले जाईपर्यंत दालनाच्या आसपासच थांबावे. चहाला गेलेल्या आरोपीचा पुकारा झाला आणि तो दिसला नाही, म्हणून आलेला दिवस वाया गेल्याचे प्रसंग प्रत्येक न्यायालयात घडतात.

हजर झाल्यावर न्यायाधीश तिथेच तुरुंगात पाठवतील का?

पहिल्यांदा चुकलेली तारीख, जामीनपात्र गुन्हा आणि स्वतःहून आलेला आरोपी अशा स्थितीत बहुतेक वेळा समज देऊन, काही खर्च भरायला लावून किंवा नवे बंधपत्र घेऊन वॉरंट रद्द होते. गुन्हा गंभीर असेल, यापूर्वीही वॉरंटे निघाली असतील किंवा अनेक वर्षे पत्ताच नसेल, तर मात्र आरोपीला कोठडीत घेऊन जामिनाचा अर्ज वेगळा ऐकला जाण्याची शक्यता धरून चालावे. अशा प्रकरणात जामिनाचा अर्ज, जामीनदार व त्याची कागदपत्रे आधीच तयार ठेवूनच न्यायालयाची पायरी चढावी आणि शक्यतो शुक्रवारी दुपारी जाऊ नये, कारण कागदपत्रात एखादी उणीव निघाली तर ती अनेकदा थेट सोमवारीच भरून काढता येते.

न्यायालयाने वॉरंट रद्द करण्यास नकार दिला तर त्या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागता येते. तरीही पहिला दरवाजा तेच न्यायालय आहे, हे विसरू नये.

माझ्या जुन्या जामीनदाराचे काय होते?

आपण बंधपत्राप्रमाणे हजर राहिला नाहीत तर ते बंधपत्र जप्त होऊ शकते आणि रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस कलम ४९१ खाली (जुने कलम ४४६) जामीनदारालाही जाते. आपल्या शब्दावर सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन उभा राहिलेला मामा किंवा मित्र अशा वेळी विनाकारण अडकतो. रकमेत सूट देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, म्हणून हजर होताच तसा स्वतंत्र अर्ज करावा. बंधपत्र रद्द झाले असेल आणि गैरहजेरीला पुरेसे कारण नव्हते असे न्यायालयाला वाटले, तर केवळ जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, पुन्हा सुटका होत नाही. नवा जामीनदार द्यावा लागतो.

वकील परवडत नसेल तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; तिचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि अटकेत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते.

वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या न्यायालयाचे असेल तर?

वॉरंट भारतात कोठेही बजावता येते, पण रद्द मात्र ते काढणारे न्यायालयच करते, त्यामुळे तिथे जाणे टळत नाही. जाण्यापूर्वीच आपल्या गावी अटक झाली आणि वॉरंट काढणारे न्यायालय ३० किलोमीटरच्या आत किंवा तुलनेने जवळ नसेल, तर पोलिसांनी आधी स्थानिक दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक/आयुक्त यांच्यासमोर हजर करायचे असते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आपण जामीन देण्यास तयार असाल, तर तो तिथेच घेतला जातो आणि मूळ न्यायालयात ठरलेल्या तारखेला जाण्याची मुभा मिळते. ही तरतूद माहीत नसल्यामुळे अनेक जण परगावच्या पोलीस गाडीतून रात्रभर प्रवास करतात.

वॉरंट रद्द झाले. आता काम संपले का?

नाही. येथेच सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. न्यायालयाने आदेश दिला तरी ठाण्यातल्या अंमलदाराच्या हातात जुने वॉरंट तसेच असते. महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात वॉरंट आधीच रद्द झालेले असतानाही १५ ऑगस्ट २००२ रोजी, म्हणजे न्यायालयाला सुट्टी असताना, मुंबईत एका वकिलालाच अटक झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉरंट रद्द झाल्याचे संबंधितांना तत्काळ कळवावे, बजावणी न झालेले वॉरंट परत आल्याची नोंद ठेवावी आणि आदेशाची प्रत आरोपीला उपलब्ध करून द्यावी, अशा सूचना २०११ च्या त्या निकालात दिलेल्या आहेत.

म्हणून आदेश होताच नक्कल विभागात अर्ज करून सहीशिक्क्याची प्रत घ्यावी. न्यायालयाने ठाण्याला ‘वॉरंट विनाबजावणी परत करावे’ असे पत्र पाठवले का, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारून तो लिहून ठेवावा. दोन-तीन दिवसांनी वकिलांमार्फत ठाण्यात पत्र पोहोचल्याची खात्री करावी आणि तोपर्यंत आदेशाची प्रत जवळ बाळगावी; तिचा फोटो मोबाइलमध्येही असू द्यावा.

त्याआधीच पोलीस दारात आले तर माझे हक्क कोणते?

वॉरंटातील मजकूर काय आहे हे पोलिसांनी सांगितले पाहिजे आणि मागितल्यास वॉरंट दाखवले पाहिजे. ते लेखी असावे, त्यावर न्यायाधीशांची सही व न्यायालयाचा शिक्का असावा. अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत न्यायालयासमोर हजर केले गेलेच पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. दारात हुज्जत घालू नये; वकिलांना फोन करावा आणि औषधे चालू असतील तर ती सोबत घ्यावीत.

मी आरोपी नाही, फक्त साक्षीदार आहे. माझ्या नावे वॉरंट का?

साक्षीसाठी समन्स बजावूनही न आल्यास साक्षीदारावरही वॉरंट निघते. पुढच्या तारखेस हजर राहून साक्ष दिली की बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

पोटगीचे वॉरंट याच पद्धतीने रद्द होते का?

होत नाही. पोटगीची थकबाकी वसूल करण्यासाठी काढलेले वॉरंट हे पैशांच्या वसुलीचे असते. थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत, जे आधी घडेल तोवर, कैदेची तरतूद त्यामागे असते. नुसते हजर राहून ते मिटत नाही. पूर्ण रक्कम किंवा निदान मोठा हिस्सा भरून उरलेल्यासाठी हप्ते मागावे लागतात. नोकरी गेली असेल तर पोटगी कमी करण्याचा अर्ज वेगळा करायचा असतो, पण थकलेली रक्कम त्याने आपोआप माफ होत नाही.

दुर्लक्ष केले तर पुढे काय होते?

व्यक्ती फरारी आहे किंवा लपून आहे असे न्यायालयाला वाटले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली उद्घोषणा, म्हणजे हजर होण्याची जाहीर नोटीस, निघते. किमान ३० दिवसांची मुदत देणारी ती नोटीस घराच्या दारावर व गावात ठळक ठिकाणी लावली जाते. त्यापाठोपाठ मालमत्ता जप्तीची पाळी येते. उद्घोषणेनंतरही हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जामिनावर सुटलेल्याने पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणे हाही कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मूळ खटला किरकोळ मारामारीचा आणि शिक्षा मात्र गैरहजेरीची, असे विचित्र चित्र त्यातून उभे राहते.

पासपोर्टवर परिणाम होतो का?

होतो. हजेरीसाठी वॉरंट किंवा समन्स निघालेले असल्यास पासपोर्ट अधिनियम, १९६७ खाली पासपोर्ट नाकारता येतो. आधी वॉरंट रद्द करून घ्यावे आणि खटला प्रलंबित असेल तर परदेशी जाण्यासाठी त्या न्यायालयाची परवानगी घ्यावी.

व्हॉट्सअॅपवर ‘तुमच्या नावे अटक वॉरंट’ असा कागद आला आणि पैसे मागितले, काय करावे?

पैसे भरू नयेत. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवण्याची ‘डिजिटल अटक’ भारतीय कायद्यात अस्तित्वात नाही आणि कोणाच्या बँक खात्यात रक्कम पाठवून वॉरंट रद्द होत नाही. खऱ्या वॉरंटावर विशिष्ट न्यायालयाचे नाव व प्रकरण क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सवर टाकून पाहावा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

एखाद्या तारखेला खरोखरच येणे शक्य नसेल तर?

वकिलांमार्फत त्या दिवसापुरता हजेरी माफीचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली (जुने कलम ३१७) द्यावा, आणि तो पुकारा होण्यापूर्वी न्यायालयात पोहोचला पाहिजे. दृकश्राव्य माध्यमातून दिलेली हजेरीही या कलमात वैयक्तिक हजेरी मानली आहे, तेव्हा आजारी किंवा दूर राहणाऱ्या व्यक्तीने तशी परवानगी मागून पाहावी. वार्धक्य, दूरची नोकरी अशा कायमस्वरूपी अडचणीसाठी, न्यायालयाने समन्स काढलेले असेल तेव्हा, कलम २२८ खाली (जुने कलम २०५) वैयक्तिक हजेरीतून सूट मागता येते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यास तो अर्जाने न्यायालयाला कळवावा, तसेच वकील बदलताना आधीच्या वकिलांकडून ना हरकत आणि पुढची तारीख या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.